बारा कोरे दिवस

कोमल चौथ्या फेरीत, दुसऱ्या वळणावर थांबली. पडली नाही, ओरडली नाही. डावा पाय जरा उचलून धरला आणि कुणी बघतंय का म्हणून आजूबाजूला पाहिलं. मी बघत होते. मला पगार त्याचाच मिळतो.

कोच जाधव सरांनी लांबूनच विचारलं, "काय झालं गं?"

"काही न्हाई सर. गोळा आला."

गोळा पोटरीत येतो. तिचा हात पुढच्या बाजूला, नडगीवर होता. मी तिला गवतावर बसवलं आणि नडगीच्या हाडावरून बोट दाबत खाली आले. एका जागी तिनं माझं मनगट घट्ट पकडलं. स्नायू दुखत असेल तर दुखणं पसरलेलं असतं, नेमकं कुठं ते सांगता येत नाही. हाडाचं दुखणं एका बोटाखाली सापडतं.

राज्याच्या संघाची निवड चाचणी पाच आठवड्यांवर होती. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला मोठ्या, मुरलेल्या बायकांबरोबर पळावं लागणार होतं.

मी लातूरजवळच्या एका निवासी क्रीडा केंद्रात स्पोर्ट्स सायंटिस्ट आहे. हे नाव सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे पी.टी.च्या मॅडम का?" तसं नाही. आमच्या धावणाऱ्या मुलींच्या मनगटावर एक घड्याळ असतं. ते नाडी, अंतर आणि झोप मोजतं. सकाळी ते आकडे माझ्या लॅपटॉपवर येतात. ते पाहून मी कोचला सांगते की आज कुणाला किती पळवायचं आणि कुणाला बसवायचं.

यातला मुख्य शब्द लोड. किती वेळ पळालात आणि पळताना नाडी किती वाढली, यावरून अंगावर पडलेला ताण काढतात, तो लोड. सॉफ्टवेअर गेल्या आठवड्याचा लोड मागच्या सहा आठवड्यांशी ताडून बघतं. आधीची मेहनत भरपूर आणि हल्लीचा थकवा कमी असेल, तर मुलीचं नाव हिरवं होतं. हिरवं म्हणजे फ्रेश. फ्रेश मुलीचा सराव वाढवायला हरकत नसते.

कोमल त्या दिवशी हिरवी होती. गेले अठरा दिवस हिरवीच होती.

लातूरला एमआरआय काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून मला दाखवली. स्ट्रेस फ्रॅक्चर. हाड एका फटक्यात मोडलेलं नव्हतं, रोजच्या माऱ्यानं त्याला केसाएवढी चीर गेली होती.

"आठ आठवडे पळणं बंद," डॉक्टर म्हणाले. "आणि मॅडम, हे कालचं नाही. हिचं हाड दोन-तीन आठवडे बोंबलत असणार. तुमच्याकडे तर सगळं मोजतात म्हणे."

मी फिल्म पाकिटात घालून घेतली.

केंद्रावर येऊन लॅपटॉप उघडला आणि दिवस मागे मोजत गेले. दिवाळीच्या सुट्टीपाशी थांबले. सुट्टीआधी कोमलचा लोड फार चढला होता, म्हणून मीच तिला बारा दिवस पूर्ण विश्रांती लिहून दिली होती. त्या बारा दिवसांत तिच्या रांगेत काहीच नव्हतं. अंतर नाही, झोप नाही. नाडीसुद्धा नाही. माणूस झोपून राहिला तरी त्याची नाडी चालते, एवढं कळायला सायंटिस्ट व्हावं लागत नाही.

खोटं कशाला सांगू, हे मला तेव्हाही दिसलं होतं. सुट्टीवरून आली त्या दिवशी तिच्या घड्याळाची बॅटरी ठार संपलेली होती, तेही पाहिलं होतं. मी मनाशी म्हटलं, जळकोटकडे खेड्यात रेंज नसते, लाइट नसते, चार्जिंग राहिलं असेल. सॉफ्टवेअरनं कोऱ्या जागी शून्य धरलं. शून्य म्हणजे विश्रांती. विश्रांती म्हणजे थकवा उतरला. नाव हिरवं झालं. मी सांगितलं होतं तेच घडल्याचं मशीन मला दाखवत होतं, आणि मला ते आवडलं.

जाधव सर त्या दिवशी दारात उभं राहून विचारत होते, "काय म्हणतंय तुमचं मशीन? कोमलचं वाढवू का?"

"फ्रेश आहे सर. वाढवा."

हा "वाढवा" माझा.

दुपारी मी हॉस्टेलवर गेले. कोमल खाटेवर पाय लांब करून बसली होती. पायाला प्लास्टिकचा उंच बूट.

"सुट्टीत घड्याळ कुठं होतं?"

तिनं बुटाचा पट्टा ओढून घट्ट केला.

"कोमल, मी रागावणार नाही."

"तुमी न्हाई, सर रागावत्याल." मग खाली बघत म्हणाली, "पेटीत व्हतं. आईच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत. बाबा म्हणले, संस्थेची वस्तू हाय, रानात चिखलात कशाला नेतीस. निघायच्या दिवशी काढून दिलं."

"आणि बारा दिवस तू काय करत होतीस?"

"पावसानं काढणी लांबली व्हती. सोयाबीन काढाय जायचे. काढलेलं डोक्यावरून बनमीपाशी न्यायचं."

काढलेलं सोयाबीन मळणीआधी रचून ठेवतात, त्या ढिगाला आमच्याकडे बनीम म्हणतात. एकेका भाऱ्याचं ओझं किती असतं ते मी औशाची असल्यानं जाणून आहे.

"आणि पळणं?"

"पहाटं पळायचे की. डांबरी सडकेनं, फाट्यापासून शाळंपोत्तर, चार चकरा."

"तुला विश्रांती सांगितली होती ना?"

तिनं वर बघितलं. "घरी इसावा कसा घ्यायचा मॅडम? समदे वाकलेले आन म्या एकटी बसू?"

मी विचारलं, "इथं आल्यावर पाय दुखत होता ना? सांगितलं का नाहीस?"

"तुमी सरांला म्हणलात, फ्रेश हाय म्हणून. म्या दारातच व्हते. मला वाटलं, मशीनला समदं कळतंय. मशीन म्हणतंय फ्रेश, तर दुखणं मनाचंच आसंल. म्याच कामचुकार झाले आसंन."

मला तिथं बसवेना. एकोणीस वर्षांच्या पोरीनं स्वतःच्या मोडत चाललेल्या हाडापेक्षा माझ्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवला होता. रडू आलं, ते बाहेर व्हरांड्यात येऊन उरकलं.

जाधव सर वाईट माणूस नाहीत. वीस वर्षं पोरींना पळवतायत, स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा हातात स्टॉपवॉच होतं म्हणतात. पण मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "मॅडम, नियम लेखी आहे. घड्याळ चोवीस तास घालायचं. तिनं काढलं. आपण मशीनवर चाललो, मशीन तिच्यामुळं चुकलं. तुम्ही पण वाचता, मी पण."

"आणि तिची जागा?"

"ते नांदेडवाले बघतील."

नांदेडला आमच्या संस्थेचं मुख्य कार्यालय आहे. नियम मोडणाऱ्या खेळाडूची हॉस्टेलमधली जागा काढून घ्यायची की नाही, हे तिथं ठरतं. जागा गेली म्हणजे कोच गेला, ट्रॅक गेला, डॉक्टर गेला. कोमल पुन्हा फाटा ते शाळा, डांबरी सडकेवर. तेही पाय नीट जुळला तर.

आठवड्यानं बैठक बोलावली. कोमलच्या वडिलांनाही फोन गेला. फोन करणाऱ्या क्लार्कनं एवढंच सांगितलं, "मुलीच्या घड्याळाबद्दल बोलायचंय, नांदेडला या."

आम्ही लातूरहून गाडीनं गेलो. सर पुढे, मी आणि कोमल मागे. लोह्याच्या पुढे कोमलनं हळूच विचारलं, "मॅडम, मला काढत्याल का?" मी म्हटलं, "बघू." बघू हा शब्द आपण किती सहज वापरतो. त्या पोरीनं तो ऐकून खिडकीकडे तोंड केलं, ते नांदेड येईपर्यंत.

तिचे वडील एस.टी.नं आधीच येऊन व्हरांड्यात बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. लेकीचा बूट पाहिला, पण सगळ्यांसमोर काही विचारलं नाही. तिच्या मनगटावरचं घड्याळ मात्र काढून मागितलं, खिशातल्या स्वच्छ रुमालात गुंडाळलं आणि हातात धरून बसले.

आत अध्यक्ष होते. त्यांनी जाधव सरांचा अहवाल वाचला. मग वडिलांकडे वळले. "काका, तुमच्या मुलीनं सुट्टीत घड्याळ घातलं नाही. हे खरं का?"

काका उभे राहिले. रुमाल टेबलावर ठेवून उघडला आणि घड्याळ दोन्ही हातांनी पुढे सरकवलं.

"खरं हाय साहेब. पर पोरीची चूक न्हाई, म्याच काढून ठिवलं. दुसऱ्याची वस्तू, रानात कुटं दगडा-धोंड्यावर आपटली म्हंजे? पेटीत ठिवली, वरून कुलूप लावलं. बघा तुमी, उलटीसुलटी करून बघा. एक वरखडा न्हाई."

खरंच नव्हता. काच नव्यासारखी चमकत होती. शेजारी पोरगी एक पाय अधांतरी ठेवून उभी होती, आणि हा माणूस आपण ठेव किती जपली ते दाखवत होता. घड्याळ कशासाठी दिलंय, हे त्याला आमच्यापैकी कुणीही कधी सांगितलं नव्हतं. मीही नाही. नियमाच्या इंग्रजी कागदावर त्याची सही तेवढी घेतली होती.

अध्यक्ष काही बोलायच्या आत मी उभी राहिले.

"सर, अहवालात एक गोष्ट राहिली. बारा दिवस आकडे आले नव्हते, ते मला त्याच दिवशी दिसलं होतं. बॅटरी संपलेली होती, तेही दिसलं होतं. मी तिला एक प्रश्न विचारला नाही. जाधव सरांनी मला विचारलं, आणि मी 'वाढवा' म्हटलं. हे लेखी द्यायला मी तयार आहे."

जाधव सरांनी आपला अहवाल टेबलावरून जवळ ओढला. म्हणाले, "तिचा पाय ओढतोय, हे मला दोनदा वाटलं होतं साहेब. मॅडमचं मशीन हिरवं होतं म्हणून मी डोळे मिटले. माझंही लिहा."

अध्यक्ष आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते. मग त्यांनी घड्याळ उचललं, खरंच उलटंसुलटं करून पाहिलं आणि काकांच्या हातात परत दिलं. "काका, हे तिच्या हातात बांधा. रानात गेली तरी काढू नका. फुटलं तर फुटू द्या."

काकांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलेलं दिसत नव्हतं.

कोमलची जागा राहिली. मला आणि सरांना लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या फाइलमध्ये आहे. चाचणी मात्र गेली. कोमलच्या गटात जी मुलगी पहिली आली तिला कोमलनं आधीच्या वर्षी दोनदा मागे टाकलं होतं. ते वर्ष परत येणार नाही, आणि त्याची भरपाई माझ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. पाय जुळला. आता ती मोठ्या गटात पळते, बहुतेक वेळा मधल्या घोळक्यात असते.

नांदेडच्या बैठकीनंतरच्या रविवारी मी औशाला घरी गेले होते. अब्बांचं बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. आता नजर गेली म्हणून बंद आहे. लहानपणी शाळा सुटली की मी तिथंच बसायचे. खेड्यातला माणूस बंद पडलेलं, लग्नातलं चावीचं घड्याळ घेऊन यायचा. अब्बा ते उघडायच्या आधी, हातात घ्यायच्याही आधी विचारायचे, "घालता का ठेवता?" दहातले निम्मे म्हणायचे, "ठिवतो की. भारी वस्तू हाय." अब्बा चावी द्यायचे, घड्याळ चालू व्हायचं आणि माणूस तसाच परत जायचा.

मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तू पूछी नै?"

नाही विचारलं. दहा वर्षं त्या स्टुलावर बसून रोज ऐकलेला प्रश्न, आणि नेमका माझ्या कामाच्या दिवशी मी विसरले.

आता मुली सुट्टीवरून आल्या की लॅपटॉप उघडण्याआधी मी एक कागद पुढे करते. त्यावर दोनच प्रश्न आहेत. घड्याळ घातलं का ठेवलं? ठेवलं असेल तर त्या दिवसांत काय काम केलं? रागावायचं नाही, हे जाधव सरांनाही मान्य आहे. पुढच्या वर्षी संक्रांतीच्या सुट्टीनंतर कोमलनं कागदावर लिहिलं होतं, "ठेवलं. बाबांनी ऐकलं न्हाई. पाच दिवस तुरीच्या राशीवर."

मी तिचं नाव हिरव्यातून काढलं आणि सरांना सांगितलं, पाच दिवस पळवू नका. कोऱ्या जागेला शून्य समजायचं नाही, एवढं मी शिकले. शिकले मी, आणि हाड मोडलं तिचं.