गोठ्यात कोण मास्क लावतं?

"टीबी नाही. फुफ्फुसात बुरशी आहे," सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरत डॉक्टर म्हणाले. आईने पदर तोंडाला लावला. मला मात्र आधी रागच आला. बुरशी भाकरीला लागते, लोणच्याला लागते; जित्याजागत्या माणसाला कशी लागेल?

लागते. माझ्या धाकट्या भावाला, संदीपला लागली होती. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी माझी एक दिली होती. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी त्याला इम्युनोसप्रेसंट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं कायमची होती. बुरशीचे बारीक कण आपण सगळेच श्वासातून घेतो आणि आपलं शरीर ते निस्तरतं. त्याच्या शरीराला ते झेपेना. या आजाराला इन्व्हेसिव्ह ॲस्परजिलोसिस म्हणतात. यात बुरशी फुफ्फुसात शिरून ते पोखरत जाते.

सुरुवात साध्या खोकल्याने झाली. मग ताप, आणि एका सकाळी थुंकीत रक्त. पारनेरची औषधं झाली, नगरला टीबीच्या तपासण्या झाल्या. त्या निगेटिव्ह आल्या म्हणून आम्ही येड्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मग ब्रॉन्कोस्कोपी केली, म्हणजे नळी घालून फुफ्फुसातला द्राव तपासायला काढला. त्यात ही बुरशी सापडली.

"घरात ओल आहे? धूळ?" डॉक्टरांनी विचारलं. आई दुखावली. संदीपचं ताट वेगळं, पाणी उकळलेलं, पाहुण्यांचा चहा ओट्यावरच. लग्नाला गेला तरी मास्क लावून, अक्षता टाकून माघारी.

"मग दिवसभर असतात कुठे?"

"गोठ्यात. तितं कोन येतंय? आपलीच गुरं हायती," आई म्हणाली. "गोठ्यात कोन मास्क लावतं, सायेब?"

गोठ्यात मुरघास होता. हिरवा मका कुट्टी करून मोठ्या पिशवीत दाबून ठेवतात, तो चारा. पिशवीत हवा शिरली की वरच्या थरावर बुरशी धरते. ती खाल्ली तर गाय बिघडते, म्हणून संदीप रोज तो थर हाताने खरवडून टाकायचा. भुकटी नाकातोंडात उडायची. गाईच्या पोटात जाऊ नये म्हणून काढलेली बुरशी त्याच्या छातीत जात होती. लागण नक्की कुठून झाली हे छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण मुरघासाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

व्होरिकोनाझोल, म्हणजे बुरशी मारणारं औषध, शिरेतून सुरू झालं. त्याने काहींना डोळ्यांपुढे भलतंच दिसतं. "ताई, भिंत हालतीया," संदीप म्हणायचा. ताप उतरेना. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मी देवाशी फक्त भांडले. वर बघून नाही नाही ते बोलले.

मग डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. "इम्युनोसप्रेसंट कमी करावी लागतील. जीव वाचायची आशा वाढेल, पण किडनी जाऊ शकते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. संदीपच्या बायकोने तर हात जोडले. जणू मी वस्तू उसनी दिली होती आणि ती फोडायची परवानगी ते सगळे माझ्याकडे मागत होते.

"माझ्याकडं काय बघताय? ती त्याची हाय. करा कमी, डॉक्टर."

बोलले ठसक्यात, आणि जिन्यात जाऊन ढसाढसा रडले. मला त्या किडनीचं वाईट वाटत होतं. भाऊ मरणाच्या दारात आणि मला किडनीचं वाईट वाटतंय, याची लाजही वाटत होती.

हळूहळू बुरशी हटली. किडनी गेली. आता पुन्हा डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त साफ करणं.

तुमच्या घरात असं नाजूक माणूस असेल तर डॉक्टरांना त्याचं रोजचं कामही सांगा. चारा, खत, भुसा, सगळं सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी. आम्ही गर्दीला भ्यालो आणि गोठ्यात बिनधास्त राहिलो. त्या डॉक्टरांनी खोदून विचारलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पहिल्या डायलिसिसला संदीप भिंतीकडे तोंड करून पडला होता. "ताई, तुजी किडनी घालवली मी."

"इकडं बघ," मी म्हणाले. त्याने बघितलं. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. "तू दिसावास म्हनून दिली हुती ती. दिसतोयस न्हवं? मग झालं तर."