फोन तंबोरा खातो

टाळेबंदीत फोनवर गाणं शिकवायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात मला तंबोरा ऐकू येईनासा झाला. मी पेणला, माझी विद्यार्थिनी लग्न होऊन रोह्याला गेलेली. तिच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा सूर दोन क्षण यायचा, मग गायब. मी खेकसायचे, "बंद कशाला केलास?" मग कुणीतरी सांगितलं की सलग वाजणारा आवाज फोनला गोंगाट वाटतो, तो कापून टाकतो. म्हणजे पंख्याची घरघर आणि तंबोरा त्याच्या लेखी सारखेच! मी फोनला यथेच्छ शिव्या घातल्या, पण माझ्या जिवात जीव आला. माझ्या वडिलांना पन्नाशीतच कमी ऐकू यायला लागलं होतं. ते भजनात पेटी वाजवायचे. त्यांचा सूर एकीकडे आणि मंडळी दुसरीकडे. तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त बोलावणं बंद झालं. मी आता बावन्न वर्षांची आहे.

तिने फोनमधली ती आवाज कापायची सोय बंद केली. तरी मला तंबोरा ऐकू येईना. मी रोह्याच्या नेटवर्कला बोल लावला.

"नाय बाई, मी रेकॉर्ड करून ऐकलं. येतोय की."

"मग तुझा माईक गेला असेल," मी ठणकावलं. चिडलं की भीती जरा मागे सरते.

परीक्षा जवळ आल्यावर ती म्हणाली, "बाई, एकदा समोर बसून शिकवा ना." आता टाळेबंदी उठून सगळं सुरू झालं होतं, नाही म्हणायला तोंड नव्हतं. रेल्वेने निघाले. निडी स्टेशन गेलं, आता पुढचं रोहाच. गाडीची खडखड आपल्याला किती ऐकू येतेय, हेच मी वाटभर तपासत होते.

घरी तिने सतरंजी अंथरली होती. चहा झाला. माझ्यापासून हातभर अंतरावर ती मांडी घालून बसली, पंखा बंद केला, डोळे मिटले. मी थांबले.

"अगं, तंबोरा लाव ना."

तिने डोळे उघडले. "बाई, चालूच हाय."

तंबोऱ्यावरचा लाल दिवा लागलेला होता. मी त्यावर हात ठेवला. तंबोरा बारीक थरथरत होता.

"माहीत आहे गं. तुझं लक्ष आहे का, बघत होते."

ती हसली आणि तिने सा लावला. तिचा आवाज मला ऐकू आला. तो तंबोऱ्यात मिळाला की नाही, ते मला कळलं नाही.

"छान," मी म्हणाले.