एक कोअर घामाघूम, सात निवांत

इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या कंपनीत चार-पाच वर्षं काढा, सांगण्यासारखं आपोआप साठत जातं. ऐकणाऱ्यांना वाटतं आमची मजा चालते. छे! गंगापूर रोडच्या आमच्या ऑफिसातला प्रत्येक किस्सा घडताना मी रडकुंडीला आले होते. हसू आलं ते नंतर, चहा घेताना.

*

मूळ दुखणं आमच्या मुख्य राउटरचं. सगळ्या गिऱ्हाइकांचं नेट या एका डब्यातून जातं. त्याच्या पोटात आठ कोअर, म्हणजे काम करणारे आठ हात. एका दुपारी नेट फारच रडायला लागलं म्हणून मी आत डोकावले, तर पहिला कोअर शंभर टक्के घामाघूम आणि बाकीचे सात शून्यावर! येणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा प्रत्येक तुकडा, त्या एकट्याच्याच गळ्यात.

मालक, म्हणजे आमचे नाना, मागे येऊन उभे राहिले. "हे तर आपल्या ऑफिससारखंच आहे की!"

मी हसले. ते हसले नाहीत. "प्राजक्ता, काम सगळ्यांना वाटून दे. आणि यापुढे एकदा जरी नेट पडलं, तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस."

तेव्हापासून त्या डब्याला हात लावण्याआधी मी प्रत्येक कमांड तीनदा वाचते.

*

शेजारच्या टेबलावरचा सलीम मात्र बिनधास्त. "वाटायचंय ना? एक तुला, एक मला!" त्याने पॅकेटं ओळीने एकेका कोअरला वाटून टाकली. आठही कोअरच्या कामाचा ग्राफ काय सुंदर दिसत होता! पण कुणाचं काम आधी उरकलं, कुणाचं नंतर, आणि पॅकेटांचा क्रमच बिघडला.

ओझरहून एका मावशींचा रडवेला फोन आला. "अहो, माझी लेक दुबईहून बोलतीये, पण तिचे शब्द मागचे पुढे येतायत. बरी असेल ना ती?"

सलीम म्हणाला, "मावशी, लेक बरी आहे, आम्हीच बरे नाही!"

*

मग मी ठरवलं, एका गिऱ्हाइकाची सगळी पॅकेटं एकाच कोअरकडे. क्रम सुधारला. पण कुणाला कुठे बसवायचं ते यंत्रच ठरवतं, आणि त्याने लग्नाचे व्हिडिओ अपलोड करणारा एक स्टुडिओ आणि नानांचं घर नेमके एकाच कोअरवर बसवले!

नाना सकाळीच आले. "सगळ्या गावाचं पळतंय, माझंच का रखडतंय?"

सलीम शांतपणे म्हणाला, "नाना, आधी गिऱ्हाईक, मग आपण. तुम्हीच शिकवलंय!"

नाना खूश होऊन केबिनमध्ये गेले.

*

घरी मला बघायला पाहुणे आले होते. मी पोह्यांच्या ताटलीआडून मोबाइलवर राउटरच्या सीपीयूचा, म्हणजे त्या आठ कोअरचा, ग्राफ बघत होते. मुलाची आई कुजबुजली, "मुलगी फारच घाबरट दिसते."

माझी आई म्हणाली, "छे हो, तिचा सीपीयू वर गेलाय!"

*

त्या स्टुडिओला दुसऱ्या कोअरवर हलवायचं राहिलं होतं. असा बदल करण्याआधी आम्ही राउटरला दहा मिनिटांचा टायमर लावतो. बदल फसला आणि आम्हालाच राउटरमध्ये शिरता आलं नाही, तर डबा आपोआप रीबूट होऊन जुन्या सेटिंगवर येतो. सगळं नीट झालं, तर टायमर काढून टाकायचा.

सगळं नीट झालं! आठही कोअर एका पातळीत. सलीमने टाळ्या वाजवल्या, मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात नानांनी केबिनमध्ये बोलावलं. व्हिडिओ कॉलवर सायखेड्याचे गायकवाड शेठ होते, द्राक्षांच्या पॅकहाऊसचे मालक. नेट सारखं जातं म्हणून आम्हाला सोडायला निघालेले.

"हीच ती प्राजक्ता," नाना म्हणाले. "शेठ, आता नेट पडणार नाही. माझा शब्द!"

शेठांचा चेहरा स्क्रीनवर थिजला. तोंड उघडंच.

टायमर! मी तो काढलाच नव्हता!

बाहेर फोन वाजायला लागले, सलीमने एकेक रिसीव्हर काढून ठेवला. नाना स्क्रीनवर टकटक करत होते. मी सांगायला तोंड उघडलं, आणि "केबल बघते" म्हणून टेबलाखाली वाकले. नोकरी गेली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तीन मिनिटांनी शेठ परत दिसले. "नाना, माफ करा बरं का! आमच्याकडची लाइट गेली व्हती. जनरेटर लावायला लय टाइम लागला. तुम्हाला वाटलं असंल, तुमचंच नेट पडलं!"

नाना मोठ्याने हसले आणि माझ्याकडे वळले. "बघ प्राजक्ता, माणूस असा पाहिजे. आपल्याकडून काही झालं की लगेच कबूल करायचं!"

"हो नाना," मी म्हणाले.