आठ-वीसची मॉस्को

मुखेडच्या आमच्या घरात अंगणातून आत आलं की डाव्या हाताला एक भिंत लागते. तिला काळा रंग आहे. बाबा एसटीतून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने तो दिला. सगळी नोकरी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेली; वेळापत्रक नसलेलं घर त्यांना ओकंबोकं वाटायचं, असं आई सांगते. सुरुवातीला त्या भिंतीवर गॅसची टाकी लावल्याची तारीख, नळाला पाणी यायची वेळ असलं काहीबाही असे. मग धाकटी बहीण डॉक्टर व्हायला रशियात गेली आणि भिंतीवर विमानं उतरू लागली.

त्याआधी दोन वर्षं ती लातूरला क्लासला होती. दर रविवारी बाबा सकाळच्या मुखेड–लातूर गाडीने डबा घेऊन जात. जांब, शिरूर, चाकूर, सगळे थांबे त्यांना पाठ. गुण थोडक्यात कमी पडले, तेव्हा घरात सगळ्यात कमी बोलले ते बाबाच. पुढे तिला रशियात प्रवेश मिळाला, मॉस्कोपासूनही लांब, एका मोठ्या नदीकाठच्या शहरात. बाबांनी विचारलं ते एवढंच, "मॉस्कोपसून पुढं गाडी कोणती?"

पुढची गाडी म्हणजे एक छोटी विमान कंपनी होती. त्या भागातलीच, त्या भागापुरती. धाकटी पोचली त्या दिवशी बाबांनी तब्येतीच्या आधी विमानाची चौकशी केली.

"किती शिटाची व्हती?"

"अठ्ठेचाळीस, बाबा. पंख्याची."

"म्हणजे आपल्या गाडीएवढीच! उभं कुणी व्हतं का?"

"विमानात उभं राहू देत नाहीत, बाबा."

"मग आपली मोठी."

ती हसत हसत सांगत राहिली. शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर बादली होती, बादलीत फडक्याखाली रोपं. हवाई सुंदरीने सगळ्यांना आंबट गोळ्या वाटल्या आणि म्हातारीला तिच्या नातवाची खुशाली विचारली. हेच विमान पुढे नदीकाठच्या खेड्यांना जातं. तिथे रस्ता नाही. नदी गोठली की होडी बंद आणि बर्फ वितळायला लागला की सगळंच बंद. मग मास्तर, टपाल, औषधं, अडलेली बाई, सगळं या विमानातून. धावपट्टी म्हणजे दाबून बसवलेला बर्फ.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू इमान इमान काय करून राहिलीस? ही तर तिकडची येष्टी हाय."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर खडूने पहिली ओळ आली. डेपोतलंच वळण, वर रेघ मारून: आठ-वीस, मॉस्को. धाकटीच्या गावाहून सुटणारी सकाळची गाडी, आपल्या घड्याळाप्रमाणे. बाबांनी मोबाइलवर विमानांचा नकाशा बघायला शिकून घेतलं. विमानाचं पिवळं चिन्ह मॉस्कोला टेकलं की भिंतीवर वेळेपुढे लिहायचे, आली. उशीर झाला तर मिनिटंही. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा.

बाबांच्या डेपोतले एक निवृत्त चालक काका रोज सकाळी चहाला यायचे. दारातूनच आवाज, "कंट्रोलरसाहेब, तुमची मॉस्को आली का? का फाट्यावर पंचर झाली?"

"तुमच्या हातात असती तर झाली असती," बाबा म्हणायचे. "तिकडं डायवर शिकलेले हायत."

नंतरची दोनतीन वर्षं त्या कंपनीची होती. भाड्याने का होईना, नवी जेट विमानं आली. नवे मार्ग सुटले. दक्षिणेला समुद्राकाठी एक, डोंगरापलीकडे दोन. धाकटी नवीन नावं सांगायची आणि बाबा ती देवनागरीत बसवायचे. एक नाव काही केल्या ओळीत मावेना, तेव्हा त्यांनी कंसात 'मार्गे' घालून ते दोन ओळींत लिहिलं. आमची भिंत भरून गेली. कंपनीने खेड्यांच्या फेऱ्या मात्र सोडल्या नाहीत, याचं बाबांना फार अप्रूप. "नवी गाडी आली की आधी मोठ्या शहराला जोडतात. ह्यांनी दोन्हीकडं जोडली." त्यांना हे कौतुक डोळ्यांत चमक येऊन सांगताना मी पाहिलं आहे. स्वतःच्या बढतीबद्दलही ते असं बोलले नव्हते.

मग युद्ध सुरू झालं. भाड्याच्या विमानांचे सुटे भाग यायचे थांबले. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावतात, हे धाकटीने सांगितलं तेव्हा बाबांनी मान हलवली. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. समुद्राकाठचा मार्ग आधी गेला, मग डोंगरापलीकडचे. बाबा एकेक ओळ पुसायचे, पण पुसलेल्या जागी दुसरं काही लिहायचे नाहीत. जेट विमानं एकामागून एक जमिनीवर बसली आणि तीच जुनी पंख्याची विमानं पुन्हा सगळा भार ओढू लागली. आठ-वीसची मॉस्को टिकली. खेडी टिकली.

धाकटीच्या शेवटच्या वर्षी बाबांची मूत्रपिंडं गेली. साखरेने डोळेही अधू केले होते. मी नांदेडच्या कॉलेजातल्या ग्रंथालयातून रजा काढून मुखेडला येऊन राहिले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ते मी आईला सांगितलं नाही. बाबांना सांगायची गरज पडली नाही. त्यांनी एकच विचारलं, "धाकटी कधी येऊन राहिली?"

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी तिची सर्जरीची परीक्षा होती. शुक्रवारची सकाळची मॉस्को धरली की शनिवारी रात्रीपर्यंत ती मुखेडात. बाबांनी बोटांवर मोजलं आणि त्या शनिवारपर्यंत थांबायचं ठरवलं. आम्ही सगळे त्या शनिवारावर जगत होतो.

नकाशा आता त्यांना दिसत नसे. रोज सकाळी ते विचारत, "निघाली का?" मी मोबाइल बघून सांगे, भिंतीवर लिही, आणि ते डोळे मिटून घेत.

ऑक्टोबरच्या मध्यावर धाकटीचा फोन आला. कंपनी बंद झाली होती. एका दिवसात, कायमची. रेल्वेने मॉस्कोला दोन दिवसांच्या वर लागतात. परीक्षा देऊन निघालं तर पुढचं विमान चुकतं. "मी परीक्षा सोडते, ताई. त्या आठवड्यात मंगळवारीच रेल्वेत बसते. बाबांना काही सांगू नकोस. त्यांचा जीव आहे त्या कंपनीत."

मी कबूल झाले. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, निघाली का? मी कोऱ्या नकाशाकडे बघत म्हणाले, "निघाली, बाबा. आठ-वीसला." भिंतीवर लिहिलं, आली. पुढे तेरा दिवस मी तेच करत राहिले. कधी पाच मिनिटं उशीर घालायचे, खरं वाटावं म्हणून.

ऑक्टोबर संपता संपता, एका मंगळवारी, काका चहा पीत बसले असताना बाबांनी विचारलं, "आज किती वाजता सुटली?"

"आठ-वीसला."

"काल?"

"आठ-वीसलाच."

बाबांनी काकांकडे तोंड केलं. "ऐकलं का? ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होऊन गेला. हिवाळ्याचं टायमटेबल लागलं. पाच हिवाळे झाले, ती गाडी रविवारपसून आठ-पन्नासची होती. आणि आमची कंट्रोलरबाई तिला आठ-वीसलाच सोडून राहिली."

काकांनी कप खाली ठेवला.

"कवा बंद पडली, माय?"

मी सगळं सांगितलं. परीक्षेचंही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते काकांना म्हणाले, "नाल्याला पूर आला व्हता ते साल आठवतं का?"

काकांनी मान डोलावली. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. पुलावरून पाणी चाललं, गाड्या सोडता येईनात. फाट्यावर लोक पावसात उभे असणार म्हणून बाबा डेपोतून सायकलवर निघाले आणि तीन फाटे फिरून स्वतः सांगून आले, आज गाडी येणार नाही, घरी जा. तिसऱ्या फाट्यावर एकच म्हातारा होता.

"गाडी न येणं माणसं सोसतात," बाबा म्हणाले. "येणार का न्हाई ते न कळणं सोसत न्हाई. कंट्रोलरचं काम तेवढंच असतं. पंधरा दिवसांआधी कळतं तर परीक्षा आधी घ्या म्हणून अर्ज करता आला असता की गं."

हे खरं होतं. धाकटीला सुचलं नव्हतं, मला सुचलं नव्हतं. ज्यांना सुचलं असतं त्यांच्यापासून आम्ही ते लपवलं होतं.

त्यांनी मला धाकटीला फोन लावायला सांगितला. आता अर्जाची मुदत टळली होती. तरी त्यांनी पहिला प्रश्न वेगळाच विचारला.

"कंपनीनं तुला कळवलं का?"

"हो, बाबा. एका बाईचा फोन आला होता. तिकीट काढलेल्या प्रत्येकाला ती फोन करत होती. मला रेल्वेच्या वेळाही लिहून घ्यायला लावल्या तिने. शेवटी रडत होती."

"आणि खेड्यातली माणसं?"

"शेवटच्या दिवशी पंख्याच्या विमानाने तीन फेऱ्या केल्या. कुणाला मागे ठेवलं नाही. मग ते विमान गावाबाहेर उभं करून ठेवलंय."

बाबा उशीला टेकले. "लई चांगली कंपनी व्हती," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, पण ते माझ्यासाठी होतं, हे मला कळलं. नोकरी गेलेल्या बाईने जे रडत रडत केलं, ते मला कोरड्या डोळ्यांनीही जमलं नव्हतं.

मग त्यांनी निकाल दिला. परीक्षा सोडायची नाही. मॉस्कोचं तिकीट पुढे ढकलायचं. शुक्रवारी रेल्वेत बसायचं.

"बाबा, पण तुम्ही..."

"मी हाय की हितं. मी कुठं जाऊन राहिलो?"

त्यांनी मला भिंतीवर आठ-वीसची ओळ पुसायला लावली आणि तिच्या जागी रेल्वे लिहायला. पुसलेल्या जागी दुसरं काही लिहिण्याची ती पहिली वेळ. शुक्रवार सुटणार, रविवार मॉस्को. वेळा त्यांनी धाकटीकडून दोनदा वदवून घेतल्या.

तिने गुरुवारी परीक्षा दिली. चांगली गेली. शुक्रवारी ती निघाल्याचं मी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "खरं?" मी म्हणाले, "खरं, बाबा." ते हसले.

शनिवार गेला. रविवारी सकाळी सव्वादहाला बाबा गेले. त्या वेळी धाकटीची गाडी मॉस्कोपासून काही तासांवर होती.

घर माणसांनी भरलं. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. पोर वाटेत एकटी आहे, परक्या देशात. तिला विमानात बसू दे. घरी आल्यावर सांगू. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "दोन दिवस तरी बापाचं सुख असू दे तिला."

मी भिंतीपाशी गेले. तिथे उभं राहूनच फोन लावला.

"बोल, ताई." मागून रुळांचा आवाज येत होता.

"बाबा गेले. सव्वादहाला."

रुळांचा आवाज तेवढा येत राहिला. ती म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नका. त्यांना ताटकळत ठेवू नका." मग म्हणाली, "डब्यात एक आजी आहे. तिला काही कळलं नाही, पण तिने हात धरलाय. तू थोडा वेळ फोन ठेवू नकोस."

मी ठेवला नाही.

मंगळवारी दुपारी ती हैदराबादहून देगलूरमार्गे एसटीने आली. आईच्या गळ्यात पडून झाल्यावर, पाठीवरची पिशवी तशीच ठेवून ती भिंतीसमोर उभी राहिली. माझ्या अक्षरातली ती एकच ओळ होती. रविवारच्या रकान्यापुढची जागा कोरी. ते लिहायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. तिने कोनाड्यातल्या डब्यातून खडू काढला आणि लिहिलं, आली. मग थांबून, १८ मि.

बाबांच्या जलदानविधीच्या सकाळी काका सगळ्यांच्या आधी आले. दारातून आवाज दिला नाही. आत येऊन भिंत वाचली.

"अठरा मिनिटं लेट व्हती?"

"हो, काका," धाकटी म्हणाली.

"एवढ्या लांबनं येऊन अठरा म्हणजे कायच न्हाई," काका म्हणाले. "सायबानं चालवून घेतली असती." मग ते खुर्च्या मांडायला बाहेर गेले.