काटे काढून दे

"भागे, जरा इकडं ये. बाळाला काटे काढून दे."

पाचगणीच्या महागड्या हॉटेलात, काचेजवळच्या टेबलावर, माझ्या आईला हे ऐकावं लागलं. आई तिथं कामाला नव्हती. जेवायला आली होती. माझ्यासोबत, नवं इरकल नेसून. तिच्यापुढं अख्खं पापलेट होतं, तिच्या एकटीचं. नुकता पहिला घास घेतला होता.

हाक मारणाऱ्या बाई शेजारच्या टेबलावर होत्या. वाईच्या एका बंगल्यातल्या वहिनीसाहेब. वयानं आईपेक्षा लहान. मांडीवर नातू. आवाज अगदी गोड. त्याचाच मला जास्त राग आला. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

आम्ही भोई. आईनं जन्मभर मासे विकले, अजूनही विकते. धोमच्या पाण्यातले मासे पाटीत घेऊन वाईच्या गल्ल्यांतून फिरायची. दर रविवारी त्या बंगल्यावर जायचं, मागच्या दारानं. आई फरशीवर बसून मासे साफ करायची. पाणी वरून ओतलं जायचं, आमचा हात त्यांच्या तांब्याला लागू नये म्हणून. काम झालं की वहिनीसाहेब दारातूनच सांगायच्या, "जाताना घाण घेऊन जा." खवले, आतडी, सगळं पिशवीत. ती पिशवी मी धरायचे. वाटेत वर्गातली कुणी दिसली की आईच्या मागं लपायचे. माशाचा चांगला तुकडा गिऱ्हाइकाचा. डोकी आमच्या कालवणाला.

आता मी साताऱ्यात नर्स आहे. एकदा तरी आईपुढं अख्खा मासा वाढलेला बघायचा, हे लय दिवस मनात होतं. वाईत तिच्या पाटीच्या वासानं लोक एसटीत सरकून बसायचे. तोच वास इथं काचेच्या आत आला की सीफूड होतो.

आणि आई उठली.

खरंच उठली. हात पुसले, पदर खोचला, खुर्ची मागं सारली. हाक आली की उठायचं, ही जन्माची सवय. वहिनीसाहेबांनी नातवाची बशी पुढं सरकवलीसुद्धा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईचं मनगट धरलं.

"आये, बस. तू गिऱ्हाईक हाईस."

"आगं, बंगल्याचं घर हाय. रविवार जाईल हातचा," आई हळूच म्हणाली.

तिचं चुकत नव्हतं. एवढं मोठं गिऱ्हाईक तिला दुसरं नव्हतं.

"जाऊ दे."

मग मी त्यांच्याकडं वळले. म्हटलं, "बाई, आई जेवतीय." वहिनीसाहेब मुद्दामच म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, एवढं काय झालं, तिचा हात बसलाय म्हणून सांगितलं.  मी आईचं मनगट सोडलं नाही.

आई उभीच होती. काचेतून खाली धोमचं पाणी दिसत होतं. तिनं एकदा तिकडं पाहिलं आणि बसली. पापलेट संपवलं, सावकाश, काटे चोखून. जेवण झाल्यावर तिनं काटे कागदी रुमालात गोळा करायला घेतले, सोबत न्यायला. मग थांबली. रुमाल ताटातच ठेवला.

त्या रविवारी आई बंगल्यावर न जाता पाटी घेऊन वाईच्या बाजारात बसली. बंगल्याचा ड्रायव्हर तिथं आला. वहिनीसाहेबांनी बोलावलंय म्हणाला. मला सुट्टी होती, मी आईशेजारीच बसले होते. मी तोंड उघडायच्या आत आई बोलली.

"मासं पायजेत तर हितं या म्हणावं. समोरनं."

कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. बंगल्याचं गिऱ्हाईक तुटलं. त्याची झळ बसते, नाही कशाला म्हणू. बसू दे. आमच्या घरातलं कुणीही आता कुणाच्या मागच्या दाराशी उभं राहणार नाही. आणि हाक मारायची असेल तर नीट मारा. माझ्या आईचं नाव भागीरथीबाई आहे.