एकटीपुरता चहा

काल दुपारी आमच्या मजल्यावर आरोग्य केंद्राच्या आशाताई तब्येतीच्या पाहणीचा फॉर्म घेऊन आल्या होत्या. शेजारच्या सुमनकाकू दाराशी बसून उत्तरं देत होत्या आणि मी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता ऐकत होते.

"झोप लागते का, काकू?"

"लागते की."

"उदास वगैरे वाटतं?"

"छे! मला काय झालंय?"

फॉर्मवर भराभर खुणा होत गेल्या. काका जाऊन वर्ष होत आलं, मुलगी लांब, गुडघे धरलेले. तरी काकूंचं आपलं सगळं बरं. या 'बरंय'चा मला कधी कधी रागच येतो. खोटं बोलायचं म्हणून नाही, समोरच्याला उगाच त्रास नको म्हणून माणसं ते म्हणतात, आणि मग त्याच्याआड एकेकटी झिजत राहतात. कुठल्या फॉर्मात पकडायचं हे?

आशाताईंनी फॉर्म पिशवीत ठेवला आणि घाम पुसत सहज म्हणाल्या, "काकू, घोटभर चहा टाकता का?"

काकू एकदम ओशाळल्या. "अगं, दूधच नाही बघ घरात. हे गेल्यापासून घेणंच बंद केलंय. एकटीपुरता काय चहा करायचा?"

आशाताईंनी फॉर्म पुन्हा बाहेर काढला.

माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन मी काकूंच्याच दारावरून येते. "काय काकू, बरंय ना?" असं विचारते, आणि उत्तर यायच्या आत माझ्या घरात शिरलेली असते.