उत्तम पाय

धायरीतल्या आमच्या मेकॅनिकला गाडीची तक्रार ऐकून घ्यायची सवयच नाही. आपण तोंड उघडलं की म्हणतो, "बोलू नका, चालवून दाखवा." मग शेजारच्या सीटवर येऊन बसतो.

आमची गाडी चालता चालता मध्येच मरगळायला लागली, तेव्हा दोष माझ्या पायाचा, हे घरात ठरूनच गेलं होतं. "हिला अ‍ॅक्सिलेटर नीट दाबता येत नाही," आमचे हे त्यालाही सांगायला लागले. "बोलू नका," म्हणत त्याने किल्ली माझ्या हातात दिली.

खडकवासल्यापर्यंत त्याने रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. मांडीवर गाडीला जोडलेला स्कॅनर आणि नजर माझ्या पायावर. गाडी मरगळली त्या क्षणी स्कॅनरवरचा, पॅडल किती दाबलंय ते दाखवणारा आकडा धाडकन खाली आला. माझा पाय होता तिथेच होता.

गॅरेजमध्ये परतल्यावर तो ह्यांना म्हणाला, "पॅडलचा सेन्सर खोटं सांगतोय. वहिनींचा पाय उत्तम आहे."

उत्तम हा शब्द तो कोऱ्या गाडीलाही वापरत नाही.

नवा सेन्सर बसल्यावर घरी जाताना मीच चालवायला बसले. हे शेजारी बसले आणि सवयीने म्हणाले, "आता जरा हळूहळू दाब..."

"अहो, बोलू नका," मी म्हटलं.